युरोपला सहकुटुंब जाताना कोणत्या विमानतळावर उतरावं? सांगली-साताऱ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की मेच्या सुट्टीचे बेत सुरू होतात, आणि सांगली, मिरज, विटा, कराड, साताऱ्याकडून मला तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. मी घरच्यांसोबत तीनदा युरोपला जाऊन आले आणि ओळखीतल्या बऱ्याच कुटुंबांची तिकिटं ठरवताना शेजारी बसले. त्यातून जमलेली ही उत्तरं. सोपे प्रश्न आधी, गुंतागुंतीचे नंतर. एका ठिकाणी आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही पहिल्यांदाच जातोय. उतरायला सगळ्यात चांगला विमानतळ कोणता?

पहिल्या रात्री कुठे झोपणार, ते आधी ठरवा. विमानतळ त्यावरून ठरतो, तिकिटाच्या किमतीवरून नाही. पहिला मुक्काम स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला असेल तर झुरिच, पॅरिसला असेल तर पॅरिस, रोमला असेल तर रोम.

हे मी अनुभवावरून सांगते. पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. इटलीतल्या मिलानचं तिकीट झुरिचपेक्षा माणशी सात हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून ते काढलं. मुक्काम मात्र ल्युसर्नला. विमान संध्याकाळी साडेसातला मालपेन्सा विमानतळावर उतरलं. इमिग्रेशन आणि सामान होईपर्यंत नऊ वाजले. तिथून मिलान शहर पन्नास किलोमीटर, आणि शहरात पोचेपर्यंत स्वित्झर्लंडकडे जाणारी गाडी उरली नव्हती. धाकटा बॅगेवर डोकं टेकून झोपला होता आणि सासूबाईंचे पाय चपलेत मावेनात इतके सुजले होते. ऐनवेळच्या हॉटेलच्या दोन खोल्या, ल्युसर्नची बुडालेली रात्र, दुसऱ्या दिवशीची पूर्ण दराची रेल्वे तिकिटं, यांत वाचलेले पस्तीस हजार संपले. सुट्टीतला एक दिवस गेला तो वेगळाच.

२. थेट विमान घ्यावं की मध्ये बदलावं?

घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीपुढचं माणूस असेल तर थेट. मुंबईहून फ्रँकफुर्ट, म्युनिक, झुरिच, पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि लंडन इथे थेट विमानं जातात. साधारण नऊ तासांचा प्रवास. रात्री दीडला निघालेलं विमान उन्हाळ्यात तिथल्या सकाळी सातच्या सुमारास उतरतं, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. हिवाळ्यात साडेचार.

रोम, व्हेनिस, बार्सिलोना, प्राग, व्हिएन्ना यांसाठी बहुतेकदा दुबई, दोहा, अबू धाबी किंवा युरोपातल्याच एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं. बदला, हरकत नाही, पण संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असतील तर तो भुर्दंड तुमचा.

३. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली तिन्ही करायचंय. जाणं-येणं एकाच विमानतळावरून करावं का?

नको. पॅरिसला उतरा आणि रोमहून परत या, किंवा उलट करा. तिकीट शोधताना ‘राउंड ट्रिप’ऐवजी ‘मल्टी-सिटी’ निवडलंत की असं एकच तिकीट निघतं. दोन एकेरी तिकिटं काढू नका, ती जवळजवळ नेहमीच महाग पडतात. जाता-येता एकाच शहराचं तिकीट थोडं स्वस्त दिसलं, तरी रोमहून पॅरिसला परतायचा खर्च आणि दिवस त्यात मिळवून पाहा.

मधला प्रवास रेल्वेनं करा. झुरिच ते मिलान सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. ही गाडी गॉटहार्ड पायथा बोगद्यातून जाते. २०१६ मध्ये सुरू झालेला हा ५७ किलोमीटरचा बोगदा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे. मुलांना आधी सांगून ठेवा, घड्याळ लावून मोजतात.

४. मोठे विमानतळ एकमेकांपेक्षा वेगळे कसे? कुटुंबाच्या दृष्टीनं सांगा.

झुरिच मला सगळ्यात सोपा वाटतो. टर्मिनलसमोरच्या इमारतीखालीच रेल्वे स्टेशन आहे. झुरिच शहर दहा-बारा मिनिटांवर, ल्युसर्नला थेट गाडीनं तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ. दुसऱ्या खेपेला आम्ही तिथे उतरलो. सामान ट्रॉलीवर घेऊन लिफ्टनं फलाटावर गेलो, गाडीत बसलो, आणि खिडकीबाहेर तळं दिसायला लागलं तेव्हा सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. स्विस ट्रॅव्हल पाससोबत (तिथल्या रेल्वे-बसचा एकत्रित पास) फॅमिली कार्ड फुकट मिळतं. त्यावर ६ ते १५ वर्षांची मुलं आई किंवा वडिलांबरोबर तिकिटाशिवाय फिरतात. सहाखालच्यांना तसंही तिकीट नाही.

ॲमस्टरडॅमचा स्खिपोलही तसाच, सगळं एका छपराखाली. रेल्वे थेट खाली, शहर पंधरा-सतरा मिनिटांवर.

फ्रँकफुर्ट अवाढव्य आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना लहान मुलं कंटाळतात. पण पहिल्या टर्मिनलला लागून लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून कोलोनला साधारण तासाभरात पोचता येतं. जर्मन रेल्वेत सहाखालच्यांना तिकीट लागत नाही, आणि ६ ते १४ वर्षांची मुलं मोठ्यांच्या तिकिटावर नोंदवली की फुकट जातात. नोंदवायची मात्र असतात, हे विसरू नका.

म्युनिकचा विमानतळ शहरापासून लोकलनं चाळीस मिनिटं. साल्झबर्ग, इन्सब्रुक किंवा बव्हेरियातले किल्ले बघायचे असतील तर हाच बरा.

पॅरिसच्या चार्ल्स द गॉलहून ‘आरईआर बी’ लोकल अर्ध्या तासात शहरात नेते. सकाळी तिला आपल्या मुंबईच्या लोकलसारखी गर्दी असते. चार जण आणि मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी घ्या. विमानतळ ते शहर सरकारनं ठरवलेला दर आहे, घासाघीस नाही. फक्त अधिकृत रांगेतलीच टॅक्सी घ्यायची, आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्याच्या मागे जायचं नाही. मुलांसाठी डिस्नीलँड करणार असाल तर तेच पहिलं करा. याच विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या स्टेशनवरून जलदगती रेल्वे दहा मिनिटांत तिथे सोडते.

रोमच्या फ्युमिचिनोहून ‘लिओनार्दो एक्सप्रेस’ ३२ मिनिटांत टर्मिनी स्टेशनला पोचते. व्हिएन्नाहून मुख्य स्टेशन पंधरा मिनिटांवर आहे. प्रागला विमानतळापर्यंत रेल्वे जात नाही, बस आणि मेट्रो करावी लागते. म्हणून दोन्ही शहरं करणाऱ्यांनी व्हिएन्नाला उतरावं, असं माझं मत.

५. सकाळी सातला उतरल्यावर हॉटेलची खोली मिळते का?

बहुतेक हॉटेलं दुपारी दोन-तीनच्या आधी खोली देत नाहीत, बॅगा मात्र ठेवून घेतात. म्हणून पहिला मुक्काम विमानतळापासून दीड तासाच्या आत ठेवा आणि त्या दिवशी एकही महागडं तिकीट काढून ठेवू नका. स्वित्झर्लंडमधलं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन युंगफ्राऊयोख तर नकोच. ते ३,४५४ मीटरवर आहे, जागरण करून तिथे गेलं की हमखास डोकं दुखतं.

६. आई-बाबा सत्तरीचे आहेत, चालणं जमत नाही. काय करावं?

तिकीट काढतानाच, किंवा उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी, व्हीलचेअरची मागणी नोंदवा. युरोपीय संघाच्या नियमानुसार ही सेवा मोफत आहे. लाजू नका. घरी दोन किलोमीटर फिरणारे बाबाही रात्रभर बसून आल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभे राहू शकत नाहीत. औषधांची पिशवी आणि चिठ्ठी हातातल्या सामानात ठेवा.

७. मुंबई, पुणे की कोल्हापूर? आणि सांगलीहून किती वाजता निघायचं?

पुण्याहून युरोपला थेट विमान नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून हैदराबाद-बंगळूरला विमानं जातात आणि तिथून युरोपची थेट विमानं आहेत, त्यामुळे हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. पण ही तिकिटं सहसा वेगवेगळी पडतात (प्रश्न २), आणि देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच सामान चालतं, तर परदेशीच्या तिकिटावर बहुधा २३. फरकाचे पैसे काउंटरवर भरावे लागतात. मी तरी मुंबईच धरते.

सांगलीहून मुंबई विमानतळ गाडीनं सात-आठ तास. पेठ नाक्याला महामार्गाला लागलात की पुढे खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण रस्ता आणि द्रुतगती मार्गाचा घाट, या तीन ठिकाणी वेळ जाऊ शकतो. शनिवार-रविवार असेल तर जातोच. रात्री दीडचं विमान असेल तर मी सांगलीहून सकाळी अकराला निघते, म्हणजे कितीही अडकलो तरी रात्री नऊला आत असतो. साताऱ्याहून दोनपर्यंत निघालं तरी चालेल.

तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. सहारचा आणि तो वेगळे, दोघांमध्ये भर वाहतुकीचं अंतर आहे.

८. तिकिटावर १२ मे, रात्री ०१:३० लिहिलंय. निघायचं कधी?

११ मेला. विमानतळावर ११ तारखेच्या रात्री पोचायचं. ही चूक शिकलेल्या, फिरलेल्या माणसांकडूनही होते. कॅलेंडरवर ११ तारखेलाच गोल करा आणि ड्रायव्हरलाही तीच तारीख सांगा. हॉटेलची पहिली रात्र मात्र १२ तारखेची.

९. व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा? उतरतो त्या देशाचा का?

नाही. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याचा. दोन देशांत दिवस सारखेच असतील तर आधी प्रवेश करणार त्या देशाचा. म्हणजे स्वित्झर्लंड चार रात्री आणि फ्रान्स चार रात्री असा बेत असेल, तर झुरिचला थेट उतरणाऱ्यानं स्वित्झर्लंडकडे आणि पॅरिसला थेट उतरणाऱ्यानं फ्रान्सकडे अर्ज करायचा. भेटीची वेळ एकाकडे मिळत नाही म्हणून खोटा बेत दाखवून दुसऱ्याकडे अर्ज करू नका. एकाचा अर्ज फेटाळला की घरातल्या सगळ्यांचाच बेत मोडतो.

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, २९ देश आहेत. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरियाही पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण मे महिन्यासाठी जानेवारीतच भेटीची वेळ घ्या. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. बाराखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मोठ्यांचे एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

१०. व्हिसा फ्रान्सचा मिळाला, पण तिकीट झुरिचचं स्वस्त आहे. अडवतील का?

शेंगेन व्हिसावर कोणत्याही शेंगेन देशातून आत जाता येतं. मुक्काम खरोखरच फ्रान्समध्ये जास्त असला पाहिजे, एवढंच. इमिग्रेशन अधिकारी विचारू शकतो, म्हणून हॉटेलांची आरक्षणं, मधली रेल्वे तिकिटं, परतीचं तिकीट आणि विमा हे सगळं छापून एका फाइलीत ठेवा. फोनमध्ये असलं तरी छापा. रात्रभरात फोन उतरलेला असतो.

११. मुंबई-फ्रँकफुर्ट-रोम तिकीट आहे. इमिग्रेशन कुठे होणार? मध्ये दीड तास पुरेल का?

फ्रँकफुर्टला. शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर पासपोर्ट तपासतात, पुढचं विमान आपल्या मुंबई-नागपूरसारखं. तिकीट एकच असेल तर बॅगा थेट रोमला जातात.

दीड तास एकट्या माणसाला कदाचित पुरेल. कुटुंबाला अडीच-तीन तास ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ‘ईईएस’ ही नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं आली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी प्रत्येकाच्या चेहऱ्याचा फोटो नोंदवतात. बोटांचे ठसे आपण व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात, ते पुन्हा साठवत नाहीत. पहिल्या खेपेला यात वेळ जातो, आणि पाच जणांना पाचपट जातो. थेट विमानाचा हाही एक फायदा, रांग लांबली तरी पुढचं विमान चुकायची धास्ती नाही.

१२. ईटियास काढावं लागेल का?

भारतीय पासपोर्टला नाही. ती ऑनलाइन काढायची प्रवास-परवानगी व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्याला व्हिसाच लागतो.

१३. लंडनमार्गे पॅरिसचं तिकीट खूप स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर लंडनला विमानतळाबाहेर न पडता फक्त विमान बदलायलाही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर बहुतेकदा सूट मिळते. नसेल तर मुंबईतच विमानात बसू देणार नाहीत. चौघांच्या ट्रान्झिट व्हिसाचा खर्च आणि धावपळ धरली तर ते तिकीट स्वस्त राहत नाही.

आणि लंडन बघायचंच असेल तर ते सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, मध्ये नको. मध्ये ठेवलंत तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. व्हिसावर एकच प्रवेश लिहिलेला असेल तर परतीचं दार बंद झालेलं असतं. व्हिसा हातात आल्यावर ‘प्रवेशांची संख्या’ हा रकाना लगेच वाचा, प्रत्येकाच्या पासपोर्टवर वेगळा वाचा.

१४. युरोपातल्या युरोपात स्वस्त विमान मिळालं, ‘पॅरिस बोव्हे’ला उतरतं. हे पॅरिसच ना?

नावापुरतं. बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. बर्गामोला ‘मिलान’ म्हणून विकतात, तेही पन्नासेक किलोमीटर. हान तर फ्रँकफुर्टपासून १२० किलोमीटर. साताऱ्याला उतरवून पुणं म्हटल्यासारखं आहे हे. शिवाय या तिकिटांत बहुधा फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी धरलेली असते, मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. पाच जणांच्या बॅगा आणि बसभाडं मिळवा, मग रेल्वेशी तुलना करा.

१५. बासेल विमानतळ फ्रान्समध्ये आहे की स्वित्झर्लंडमध्ये?

जमीन फ्रान्सची, पण चालवतात दोन्ही देश मिळून. बाहेर पडायला फ्रान्सची आणि स्वित्झर्लंडची अशी वेगवेगळी दारं आहेत. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी कोणत्या बाजूच्या काउंटरवर आरक्षण केलंय ते पाहावं. स्विस महामार्गावर ४० फ्रँकचा वार्षिक विन्येट (महामार्ग वापरण्याचा परवाना) लागतो. स्विस बाजूच्या गाडीला तो बहुधा लावलेला असतो, फ्रेंच बाजूच्या गाडीला आपण घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतूनच, निघायच्या बऱ्याच आधी काढून ठेवा.

१६. उतरल्यावर खाऊ काढून घेतात का? लेकीला कंदी पेढे न्यायचेत.

पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, स्वित्झर्लंडमध्येही तोच नियम. पेढे, खवा, तूप, चक्का सगळं त्यात येतं. सापडलं तर टाकून देतात, दंडही होऊ शकतो. साताऱ्याच्या एका आजींनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी दोन किलो पेढे बांधून ठेवले होते. मी आदल्या दिवशी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तान्ह्या बाळाच्या बंद डब्यातल्या दूध पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे. ताजी फळं, भाज्या, कढीलिंबही नको. भडंग, शेंगाची चटणी, हळद, तासगावचा बेदाणा, भाजणी हे खुशाल न्या.

१७. विमानाला खूप उशीर झाला तर भरपाई मिळते का?

युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला, आणि संघात येणाऱ्या पण तिथल्याच कंपनीच्या विमानाला, संघाचा नियम लागू होतो. स्वित्झर्लंडलाही तो लागू आहे. ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासात मुक्कामाला फार उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर माणशी ६०० युरोपर्यंत. हवामानामुळे झालेला उशीर यात नाही. आखाती कंपनीनं युरोपला जाताना हा नियम लागत नाही, परतताना लागतो. बोर्डिंग पास घरी येईपर्यंत जपून ठेवा.

१८. पॅरिसमध्ये खरेदी केली आणि झुरिचहून परतणार. कर परत कुठे मिळेल?

इथे बरेच जण फसतात. कर परत मिळवायला सामान युरोपीय संघाबाहेर गेल्याची कस्टमची नोंद लागते, आणि ती संघातल्या शेवटच्या ठिकाणी घ्यायची असते. स्वित्झर्लंड संघात नसल्यानं झुरिच विमानतळावर फ्रान्सच्या खरेदीची नोंद होत नाही. ती फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये शिरतानाच करून घ्यावी लागते आणि रेल्वेत ते अवघड जातं. मोठी खरेदी करणार असाल तर स्वित्झर्लंड आधी करा आणि पॅरिस किंवा रोमहून परता.

१९. नातवंडं आमच्याबरोबर येणार, आई-वडील येणार नाहीत. विमानतळ निवडताना काही वेगळं?

थेट विमान आणि दिवसा उतरणं, या दोन्हींवर तडजोड नको. आई-वडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र इंग्रजीत घ्या. ते व्हिसालाही लागतं आणि इमिग्रेशनला विचारलं तर हातात असावं. सोबत मुलांच्या जन्मदाखल्याची प्रत आणि आई-वडिलांच्या पासपोर्टची प्रत. आई किंवा वडील यांपैकी एकच सोबत असेल तरी दुसऱ्याचं पत्र घ्या. प्रश्न ४ मधलं स्विस फॅमिली कार्ड इथे उपयोगाचं नाही, कारण ते आई किंवा वडील बरोबर असतील तरच चालतं. आजी-आजोबांबरोबरच्या नातवंडांसाठी अर्ध्या दराचं तिकीट धरून खर्च काढा. मुलांच्या आई-वडिलांचे फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येक मुलाच्या खिशात एक आणि तुमच्या पर्समध्ये एक ठेवा.